दोघांसाठी एक मोटारसायकल : सोलापुरातील एका निवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ ५२ वर्षांचे आहेत. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत त्यांचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून येथे त्यांना केवळ ‘अण्णा’ म्हटले आहे, आणि प्रत्यक्षातही मी त्यांना याच नावाने हाक मारतो. त्यांच्या पत्नी ४८ वर्षांच्या, माझ्या वहिनी. अण्णांची उंची ५ फूट ५ इंच. तरुणपणी त्यांनी जुनी बुलेट चालवली होती, पण गेली वीस वर्षे कारखाना ते घर एवढ्याच अंतरासाठी १०० सीसीची गाडी त्यांच्या हाती होती. वहिनींचा उजवा गुडघा काही वर्षांपासून पूर्ण वाकत नाही.

मुलाचे शिक्षण संपून तो कामाला लागल्यावर दोघांनी नर्मदा परिक्रमा मोटारसायकलवरून करायचे ठरवले. नर्मदामाई उजव्या हाताला ठेवून ओंकारेश्वरहून निघायचे, अमरकंटकला वळसा घालायचा आणि पुन्हा ओंकारेश्वरला यायचे, असा त्यांचा संकल्प होता. सोलापूरहून ओंकारेश्वरच सहाशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. धुळ्यापर्यंतचा आणि पुढे इंदूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ चांगला असला, तरी नदीकाठची वाट महामार्गाने जात नाही. तिथे गावरस्ते, कच्चे तुकडे, घाटावर उतरणारे अरुंद उतार असे सारे काही येते. त्यामुळे गाडी कोणती घ्यावी हा प्रश्न केवळ हौसेचा राहिला नव्हता.

मी गेली अनेक वर्षे मोटारसायकलवर लांबचे प्रवास करतो आणि सोलापुरात अशा प्रवासाची तयारी करणाऱ्यांना गाडी निवडण्यास मदत करतो. या प्रकरणात माझा सल्ला काही ठिकाणी उपयोगी पडला आणि एका ठिकाणी चुकला. दोन्ही गोष्टी पुढे आल्या आहेत.

अडचण कशी उभी राहिली

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जीएसटीचे नवे दर जाहीर झाले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार होता. त्यावरील दुचाकींवर उपकर धरून आतापर्यंत ३१ टक्के कर पडत असे, तो ४० टक्के होणार होता. अंमलबजावणी २२ सप्टेंबरपासून होती. अण्णांच्या मनात रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० भरलेली होती. ४५२ सीसीचे इंजिन असल्यामुळे ती महागणार हे उघड होते. विक्रेत्याकडे त्यांनी जेमतेम दहा मिनिटांची फेरी मारली आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन करून सांगितले, ‘‘बावीसच्या आत पैसे भरून टाकतो.’’

त्या दहा मिनिटांत काय घडले ते मी खोदून विचारले. फेरी सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, तीन-चार किलोमीटरची झाली होती. अण्णा एकटेच होते. टायरमधील हवा कोणी तपासली नव्हती. मागच्या स्प्रिंगचा (भारानुसार कमी-जास्त करता येणारा) ताण कोणत्या खाचेवर आहे हे दाखवायला आलेल्या मुलाला माहीत नव्हते. आणि ज्यांना सतरा-अठरा दिवस मागे बसायचे होते, त्या वहिनींनी गाडीला हातही लावलेला नव्हता.

येथे पहिला निर्णय घ्यावा लागला. घाई केली तर कराचा फरक वाचत होता आणि थांबले तर पसंतीची गाडी महाग पडणार होती. मी थांबण्याचा सल्ला दिला. ही गाडी वाईट आहे असे माझे म्हणणे नव्हते. तिची परीक्षाच झालेली नाही, एवढेच मला सांगायचे होते. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि ते थांबले. २२ तारीख निघून गेली आणि त्याच सुमारास सीना नदीला महापूर येऊन काठच्या गावांचे रस्ते उखडले गेले.

समोर असलेले पर्याय

चार गाड्या यादीत राहिल्या. हिमालयन ४५० : ४० पीएस शक्ती, ४० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनाचा फिरवणारा जोर), वजन १९६ किलो, इंधनटाकी १७ लिटर, पुढचे चाक २१ इंची, पुढच्या-मागच्या दोन्ही सस्पेन्शनची (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंग-यंत्रणेची) हालचाल २०० मिलिमीटर आणि आसनाची उंची ८२५ ते ८४५ मिलिमीटर. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स : २४९ सीसी, २६.५ पीएस, २२.२ न्यूटन-मीटर, वजन १६७ किलो, आसन ८३५ मिलिमीटर, टाकी १२ लिटर. रॉयल एन्फिल्डची मिटिऑर ३५० : ३४९ सीसी, सुमारे २० पीएस, २७ न्यूटन-मीटर, वजन १९१ किलो, टाकी १५ लिटर आणि आसन केवळ ७६५ मिलिमीटरवर. चौथी केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर होती. चौघींत सर्वांत जोरदार तीच, पण ती फक्त विक्रेत्याच्या छोट्या फेरीपुरती मिळाली आणि तेवढ्यावरच बाजूला पडली. तिच्यावर अन्याय झाला, हे मी मान्य करतो.

कागदावर पाहिले तर मिटिऑर ही डांबरी रस्त्यावरच्या निवांत प्रवासाची गाडी आणि हिमालयन ही कच्च्या वाटांची. परिक्रमेची वाट म्हटल्यावर पहिल्याच विचारात मिटिऑर बाद व्हायला हवी होती. अण्णांनी ती बाद केलीही होती. वहिनींनी शोरूमबाहेर उभ्या गाडीवर एकदा सहज बसून पाहिले, म्हणून ती यादीत परत आली.

चाचणीची आखणी

विक्रेत्याच्या फेरीवर विसंबायचे नाही असे ठरल्यावर गाड्या मिळवायच्या कुठून हा प्रश्न आला. हिमालयन माझ्या एका मित्राची, मिटिऑर अण्णांच्या भाच्याची आणि व्ही-स्ट्रॉम बार्शीच्या एका परिचिताची अशी सोय झाली. उसनी गाडी घेताना विमा चालू आहे का, गाडीची कागदपत्रे सोबत आहेत का आणि नुकसान झाल्यास भरपाई कोणी करायची, हे आधी स्पष्ट बोलून घेतले. मैत्रीत असे बोलणे अवघड वाटते, पण पुढे त्याचाच उपयोग झाला.

मार्ग तिन्ही गाड्यांसाठी एकच ठेवला. सकाळी साडेसातला सात रस्त्याहून निघायचे, शहरातील गर्दीतून तुळजापूर रस्त्याला लागायचे, हिप्परग्याचा तलाव मागे टाकून घाट चढायचा, तुळजापुरात चहा घ्यायचा आणि परतायचे. जाऊन-येऊन सुमारे ९० किलोमीटर. नंतर भर दुपारी सीनाकाठच्या एका उखडलेल्या रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर. ऑक्टोबरच्या उन्हात गर्दीतून हळू चालताना इंजिनाची उष्णता पायाला किती लागते, हे सकाळच्या फेरीत कधीच कळत नाही, म्हणून दुपारचा भाग मी आग्रहाने ठेवला. प्रत्येक वेळी निघण्याआधी हवा पुस्तिकेत दोघांसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरायची आणि मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवायचा हे ठरले. दोन माणसे बसल्यावर मागची बाजू दबते, पुढचे चाक हलके होते आणि हँडल भिरभिरल्यासारखे वाटते. ताण न वाढवता घेतलेली चाचणी त्या गाडीची खरी चाचणी नसते.

वहिनींनी स्वतःहून एक काम अंगावर घेतले. कारखान्यातील सूत-आवकीच्या वहीची मागची पाने त्यांनी यासाठी राखली आणि प्रत्येक फेरीनंतर पेन्सिलने तीन रकाने भरले : चढताना, बसल्यावर, उतरताना. ‘बसल्यावर’ या रकान्यात त्या मिनिटे लिहीत, म्हणजे किती वेळाने अंग हलवावेसे वाटले. माझ्या टिपणांपेक्षा ती पाने पुढे अधिक कामाला आली.

पहिला रविवार : हिमालयन

गाडी चालू लागल्यावर तिच्याविषयी शंका उरली नाही. घाटात दोघांना घेऊन ती चौथ्या गिअरमध्ये सहज चढत होती. दुपारी उखडलेल्या रस्त्यावर तर तिने आम्हां सर्वांचे मन जिंकले. २१ इंची चाक खड्ड्यात न अडकता वरून निघून जात होते आणि सस्पेन्शन शांतपणे काम करत होते. वहिनी म्हणाल्या, ‘‘खड्डा आला कधी, गेला कधी, कळलंच नाही ओ.’’ वहीत ‘बसल्यावर’ या रकान्यात ४८ मिनिटे नोंदली गेली. तीन गाड्यांत हाच आकडा सर्वांत मोठा राहिला.

‘चढताना’ या रकान्यात मात्र लिहिले होते : दोनदा प्रयत्न, डाव्या पायावर उभे राहून, गुडघा अडला.

घाट उतरताना मी त्यांना कडेला एका ठिकाणी थांबायला सांगितले, कारण उतारावर थांबून पुन्हा निघण्याचा सराव हवा होता. जागा मी निवडली होती. डावीकडे खडी घसरून जमीन दोन बोटे खोल गेली होती, ते माझ्या लक्षात आले नाही. वहिनी उतरल्या, पाणी प्याल्या आणि पुन्हा चढू लागल्या. त्यांचे सारे वजन डाव्या फूटरेस्टवर आले त्याच क्षणी अण्णांचा डावा पाय जमीन शोधत खाली गेला. त्यांची चवड्याची बोटेच काय ती टेकत होती. गाडी सावकाश, अगदी सावकाश डावीकडे कलली आणि आडवी झाली. वहिनी मागे सरकून उभ्या राहिल्या, अण्णांनी पाय काढून घेतला, कोणालाही लागले नाही. क्लचच्या लिव्हरचे टोक मोडले. दोघांनी मिळून गाडी उभी केली. घाटापासून सोलापूरपर्यंत पूर्ण वाटेत वहिनी काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी वही उघडली, पण ‘उतरताना’ हा रकाना त्या दिवशी कोराच ठेवला.

मित्राला नवी लिव्हर बसवून दिली. पडण्याचे कारण गाडीत नव्हते. उंच आसन, उसन्या गाडीचा अपुरा सराव आणि माझी चुकीची जागा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

दुसरा आणि तिसरा रविवार

व्ही-स्ट्रॉम आकड्याने हिमालयनएवढीच उंच, पण २९ किलोंनी हलकी आणि आसन मांड्यांच्या मध्ये निमुळते. त्यामुळे अण्णांचे पाय बरे टेकले. केवळ आसनाच्या उंचीचा आकडा पाहून गाडी आपल्याला उंच की ठेंगणी हे ठरवता येत नाही. बैठकीची रुंदी तितकीच महत्त्वाची असते. घाटात दोघांना घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते ठेवावे लागले, कारण तिचा पूर्ण टॉर्क मिनिटाला ७,३०० फेऱ्यांवर मिळतो. ज्याला इंजिन फिरते ठेवायची सवय आहे त्याला यात काही अवघड नाही. अण्णांना ती सवय नव्हती आणि त्या आवाजाने त्यांना गाडी दमते आहे असे वाटत राहिले. वहिनींची नोंद : एकदा प्रयत्न, खांद्याला धरून, ३२ मिनिटे, कंबर.

तिसऱ्या रविवारी मिटिऑर आली. वहिनी एका दमात बसल्या. अण्णांचे दोन्ही तळवे सपाट जमिनीवर होते आणि पहिल्या रविवारनंतर प्रथमच त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. टॉर्क ४,००० फेऱ्यांवरच मिळत असल्यामुळे घाटात गडबड न करता गाडी चढली, मात्र पुढे चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना मोकळा रस्ता बराच लांबपर्यंत पाहावा लागला. महामार्गावर ताशी ८० च्या आसपास ती समाधानाने चालते आणि त्यापुढे तिला रेटण्यात अर्थ नाही. सीनाकाठच्या रस्त्यावर तिचे उणे उघडे पडले. मागच्या सस्पेन्शनला हालचालच थोडी असल्याने प्रत्येक मोठा खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचत होता. वहीत महामार्गासाठी ४० मिनिटे आणि खराब रस्त्यासाठी स्वतंत्र आकडा होता : ११.

निर्णयाचा क्षण

म्हणजे चालत्या गाडीवर वहिनींना हिमालयन सर्वांत सुखाची होती आणि थांबलेल्या गाडीवर सर्वांत भीतीची. मिटिऑरचे नेमके उलट. व्ही-स्ट्रॉम मधोमध होती आणि हाच मध्य घेऊन मोकळे व्हावे असे मला वाटत होते.

त्यावर वहिनींनी असा प्रश्न विचारला जो मला सुचला नव्हता. दिवसातून आपण किती वेळा चढतो-उतरतो आणि दिवसातून किती किलोमीटर खराब रस्ता असतो? दोन्ही मोजू या, असे त्या म्हणाल्या. पुढच्या दोन सुट्ट्यांत ते दोघे भाच्याची मिटिऑर घेऊन एकदा अक्कलकोटला आणि एकदा पंढरपूरला गेले. चहा, दर्शन, पेट्रोल, पाणी, पाय मोकळे करणे असे सारे धरून पंढरपूरच्या एका दिवसात १४ वेळा चढउतार झाला. परिक्रमेत तर घाटावर उतरणे, आश्रमात थांबणे, वाट विचारणे यांत हा आकडा वाढणारच होता. उलट, परिक्रमा करून आलेल्या दोन कुटुंबांकडे चौकशी केल्यावर कळले की वाहनाच्या वाटेवर बराचसा रस्ता डांबरी आहे आणि खराब तुकडे दिवसाला थोडेच लागतात, तेही टाळता न येणारे असे फार थोडे.

चौदा वेळा घाबरायचे की काही किलोमीटर हळू चालवायचे, असा हिशेब समोर आल्यावर अण्णांनी आपली हिमालयनची ओढ बाजूला ठेवली. त्यांना ते सोपे गेले नाही. ‘‘मनातली गाडी सोडतोय,’’ असे ते मला दोनदा म्हणाले. दिवाळी पाडव्याला मिटिऑर ३५० ची नोंदणी झाली. करकपातीमुळे ती स्वस्त झाली होती हे खरे, परंतु निर्णयाच्या चर्चेत किमतीचा विषय शेवटीच निघाला.

प्रत्यक्ष कृती

नोव्हेंबरात गाडी ताब्यात आली. ५०० किलोमीटरची पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत वेग आवरून ठेवला. पुढे नळदुर्ग आणि विजयपूर अशा दोन फेऱ्या दोघांनी पूर्ण सामान लादून केल्या. वहिनींनी चढण्याची एक रीत बसवली : अण्णांनी दोन्ही पाय टेकून पुढचा ब्रेक घट्ट धरायचा, ‘बस’ म्हणायचे आणि तो शब्द ऐकल्याशिवाय त्यांनी पाय ठेवायचा नाही. सामान सुरुवातीला मागच्या पेटीत ठेवले होते. मागच्या चाकाच्याही पलीकडे वजन गेल्यामुळे वळणावर गाडी डगमगते, हे विजयपूरच्या फेरीत जाणवले, म्हणून जड वस्तू दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत आणल्या आणि पेटीत फक्त कपडे ठेवले. दोघांचे आणि सामानाचे मिळून वजन पुस्तिकेतील कमाल भाराशी ताडून पाहिले.

परिणाम

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, जानेवारी २०२६ च्या अखेरीस, दोघे निघाले आणि सोलापूर ते सोलापूर असा प्रवास २१ दिवसांत पूर्ण करून सुखरूप परतले. रोजचा टप्पा त्यांनी २०० किलोमीटरच्या आत ठेवला होता. गाडी एकदाही पडली नाही. एकदा मागचा टायर पंक्चर झाला. ट्यूबलेस असल्यामुळे सोबतच्या साहित्याने रस्त्यातच दुरुस्त झाला.

अमरकंटकच्या अलीकडे दोन दिवस मात्र जड गेले. खराब रस्त्याचा एक सलग पट्टा लागला आणि तिथे मागचे सस्पेन्शन वारंवार तळाला आदळले. अण्णांनी ताण शेवटच्या खाचेपर्यंत वाढवला, वेग ताशी २५ वर आणला आणि सर्वांत वाईट तुकड्यांत वहिनी उतरून चालत गेल्या. त्यांच्या वहीत त्या दिवशी लिहिले आहे : ‘पाठ भरून आली. आज ती दुसरी गाडी हवी होती.’

काय वेगळे करता आले असते

माझ्याकडून तीन गोष्टी राहिल्या. पहिली, चाचणीच्या तीन रविवारी सामान लादले नव्हते. सामान लादल्यावर मागे बसणाऱ्याला पाय आणखी वर उचलून आत घ्यावा लागतो आणि सस्पेन्शनही आणखी दबते, त्यामुळे त्या दिवशीचे आकडे अपुरे होते. अंधारातली फेरीही आम्ही घेतली नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गाड्यांचा क्रम. हिमालयन पहिली आली, पडली आणि त्यानंतरच्या प्रत्येक गाडीकडे दोघांनी त्या पडण्याच्या आठवणीतून पाहिले. मिटिऑर शेवटी आली तेव्हा त्यांना सराव झालेला होता आणि सपाट जागी थांबण्याचा धडाही मिळालेला होता. तीच हिमालयन तिसऱ्या रविवारी पुन्हा चालवून पाहिली असती तर तुलना न्याय्य झाली असती. मी तसे सुचवलेही नाही, कारण माझ्याच चुकीने झालेला तो प्रसंग मला पुन्हा समोर आणायचा नव्हता.

तिसरी म्हणजे, हिमालयनसाठी कंपनीचेच कमी उंचीचे आसन मिळते, ज्याने उंची ८०५ मिलिमीटरपर्यंत उतरते, हे मला माहीत होते. मागच्या सस्पेन्शनची लिंक (जोडदांडी) बदलून गाडी खाली आणण्याचा उपाय मी योग्य मानत नाही, कारण त्याने जमिनीपासूनचे अंतर घटते आणि साइड स्टँडही बदलावे लागते. पण आसन बदलण्यात तसा धोका नाही. तो पर्याय यादीत असायला हवा होता.

मार्चमध्ये माझ्या त्या मित्राने आपल्या गाडीला ते आसन बसवून घेतले. मी गाडी घेऊन अण्णांच्या कारखान्यासमोर गेलो आणि घाटातल्या त्या जागेबद्दल दोघांची माफी मागून एकदा बसून पाहण्याची विनंती केली. अण्णांनी पाय टेकले, पुढचा ब्रेक धरला आणि ‘बस’ म्हणाले. वहिनी पहिल्याच प्रयत्नात चढल्या, थोडा वेळ बसून राहिल्या आणि उतरून आत गेल्या. वही घेऊन आल्या आणि पहिल्या रविवारचा कोरा राहिलेला रकाना त्यांनी भरला : ‘उतरताना – हात धरावा लागला नाही.’